शेजाऱ्याला यंत्र द्यावे काय? बागायतीतील महाग अवजारे आणि उसनवारीचा व्यवहार

गावात एकमेकांच्या वस्तू मागून नेणे ही नित्याची बाब आहे. कुदळ, पहार, शिडी, ताडपत्री, वजनकाटा या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात आणि त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. कोकणातील एखाद्या बागायतदाराकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला आंबे काढण्याचा नूतन झेला असला, तर शेजारी तो पडवीतून उचलून नेतो आणि दिवेलागणीला परत आणून ठेवतो. जाळी फाटली तर तीच पुन्हा विणून देतो. अशा उसनवारीबद्दल तक्रार करणाऱ्या माणसाला गावात हलक्या मनाचा समजतात, आणि ते फारसे चुकीचेही नाही.

प्रश्न उपस्थित होतो तो वस्तूची किंमत वाढल्यावर. इंजिनावर चालणारे गवत कापण्याचे यंत्र, म्हणजे बोलीभाषेतला ग्रासकटर, फवारणीचा एचटीपी पंप, पॉवर टिलर, द्राक्षबागेतील ट्रॅक्टरचलित ब्लोअर ही साधने बागायतदार अनेकदा कर्ज काढून आणतो. त्यांचा हप्ता अजून फिटावयाचा असतो आणि अशा वेळी शेजारी येऊन म्हणतो, "दादा, दोन दिवस तुमचं मशीन द्या." नाही म्हटले तर वर्षानुवर्षांच्या संबंधांत अढी पडते. होय म्हटले आणि यंत्र बिघडून आले तर अढी पडतेच, शिवाय दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. बांधाच्या तंट्याइतकाच हा विषय आता गावोगाव वादाचा होऊ लागला असल्याने पंचायत सदस्य, ग्रामसेवक, कृषी सहायक व शिक्षक यांनी त्याचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

जुनी रीत कशावर उभी होती

महाराष्ट्रातील शेतीला परस्पर सहकार्याची परंपरा आहे. इर्जिकीत दहा-पंधरा शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जमत व दिवसभरात नांगरट उरकून जेवून घरी जात. सावडीत माणसाच्या कामाची फेड माणसाच्या कामाने होई. एकेक बैल असलेले दोघे शेतकरी मिळून जोडी जुळवीत आणि आळीपाळीने दोघांची शेते करीत. या सर्व रीतींचा उल्लेख आज 'गेले ते दिवस' अशा सुरात केला जातो. परंतु त्या कोणत्या आधारावर टिकून होत्या, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पहिली गोष्ट अशी की, बैल किंवा औत देताना मालक बहुतेक वेळा त्याच्याबरोबर स्वतः जाई. बैलाला किती राबवावयाचे हे त्याच्या डोळ्यांसमोर ठरे. दुसरी गोष्ट दुरुस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, त्यावरून हे स्पष्ट होते की, सुतार व लोहार यांना वर्षाकाठी धान्याच्या रूपाने बलुते मिळे आणि त्या बदल्यात ते कुणब्याची अवजारे दुरुस्त करीत. शेजाऱ्याच्या हातून नांगराचा फाळ बोथट झाला काय किंवा पाभरीचा फण मोडला काय, मालकाला त्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नसत. मोडतोडीचा भार गावाच्या एकूण व्यवस्थेत आधीच सामावलेला होता. उसनवारी सैल हाताने चालत असे त्याचे हे एक मोठे कारण होते. बलुतेदारीत जे अन्याय होते ते सर्वपरिचित आहेत आणि ती व्यवस्था परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्याबरोबर हा आधारही गेला, हे विसरून चालणार नाही.

लोखंडी अवजारे आली तेव्हा या बदलाला सुरुवात झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथील नांगर गावोगाव पोहोचले, तेव्हा सुटा भाग बदलण्यासाठी कारखान्याकडे पाहावे लागू लागले. आजच्या यंत्राचा कार्ब्युरेटर किंवा पंपाचे सील तालुक्याच्या गावी रोख पैसे देऊन आणावे लागते. कामाच्या हंगामात कारागीर चार दिवस मिळत नाही. म्हणजे वस्तू बदलली, दुरुस्तीची रीत बदलली, पण मागण्याची रीत मात्र झेल्याचीच राहिली. वादाचे मूळ येथे आहे, माणसे पूर्वीपेक्षा स्वार्थी झाली आहेत यात नव्हे.

याच काळात मागण्याची गरज मात्र वाढली आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीखालील क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या क्षेत्रावर यंत्राला वर्षभर काम पुरत नाही. मजूर वेळेवर मिळत नाहीत म्हणून यंत्र हवे, आणि क्षेत्र लहान म्हणून ते घेणे परवडत नाही, अशा कात्रीत लहान बागायतदार सापडला आहे. त्याने शेजाऱ्याकडे यंत्र मागणे यात गैर काहीच नाही. सर्वांनी यंत्रे विकत घेऊन वर्षातील अकरा महिने पडवीत ठेवणे हे त्याहून अधिक गैर म्हटले पाहिजे.

यंत्र नेमके कशाने बिघडते

द्यावे की न द्यावे याचा निर्णय माणूस पाहून घेतला जातो. तो यंत्र पाहूनही घेतला गेला पाहिजे. काही यंत्रे अनोळखी हात सहन करतात, काही करीत नाहीत.

ग्रासकटरचे उदाहरण घेऊ. कोकणात पावसाळा संपताच आंबा व काजूच्या बागांतील रान साफ करावयाचे असते आणि त्या वेळी या यंत्राला सर्वांत अधिक मागणी असते. यांपैकी अनेक यंत्रांचे इंजिन टू-स्ट्रोक असते. अशा इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात मिसळलेले ऑइलच पिस्टनला वंगण पुरविते. हे प्रमाण उत्पादकाने सांगितलेले असते, आणि ते यंत्रानुसार व ऑइलनुसार निरनिराळे असते. शेजाऱ्याच्या घरी मोटारसायकल असते. तिच्यात नुसते पेट्रोल घालतात हे त्याला ठाऊक असते. तो त्याच सवयीने यंत्राची टाकी भरतो. यंत्र सुरू होते, काही वेळ उत्तम चालते, मग तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसतो. त्या माणसाने यंत्र आपटलेले नसते, पाण्यात टाकलेले नसते. त्याच्या दृष्टीने ते 'आपोआप बंद पडले'. मालकाच्या दृष्टीने ते 'जाळून आणले'. दोघेही खरेच बोलत असतात, आणि म्हणूनच हा तंटा मिटत नाही. टाकीच्या झाकणावर रंगाने 'ऑइल मिसळून' असे लिहून ठेवणे, किंवा मिश्रण केलेला पेट्रोलचा डबा यंत्राबरोबरच देणे, हा उपाय अगदी साधा आहे.

एचटीपी पंपाचे मर्म वेगळे आहे. हा पंप पाण्याशिवाय कोरडा चालला तर त्याची सीले थोड्याच वेळात खराब होतात. पिंपातील द्रावण संपत आले की पंप बंद करणारा माणूस जवळ हवा. नवखा माणूस नळी घेऊन बागेच्या टोकाला गेलेला असतो आणि इकडे पंप हवा ओढीत राहतो. पॉवर टिलरबाबत मुख्य धोका चालविणाऱ्याच्या अंगालाच असतो. उतारावर किंवा खाचरातून बांधावर चढविताना अनुभव नसलेल्या हातातून तो निसटतो. ग्रासकटरच्या पात्याने उडालेला खडा डोळा फोडू शकतो. चालविणाऱ्याने चष्मा लावावा, पात्यावरील आडोसा काढू नये आणि इतरांनी १५ मीटर दूर राहावे, असे उत्पादकांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. यंत्र देताना चष्मा घरीच खुंटीला राहतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

फवारणीची साधने

फवारणी पंपाविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे नुकसान यंत्राचे होत नाही, पिकाचे होते, आणि ते लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

एका शेतकऱ्याने उसाच्या किंवा ज्वारीच्या शेतात २,४-डी हे तणनाशक फवारले. पंप एकदा पाण्याने विसळला व शेजाऱ्याला दिला. शेजाऱ्याने त्याच पंपाने आपल्या कपाशीवर किंवा द्राक्षवेलींवर कीटकनाशक फवारले. कपाशी आणि द्राक्ष ही दोन्ही पिके या तणनाशकाला अत्यंत संवेदनशील आहेत. टाकीत व नळीत राहिलेला अल्पसा अंशही पाने वेडीवाकडी करण्यास, शेंडे पिळवटण्यास पुरेसा असतो. शेतकरी औषधविक्रेत्याला दोष देतो आणि विक्रेता हवामानाला. पंपाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. तणनाशकाचा पंप स्वतंत्र ठेवावा आणि तो अन्य फवारणीसाठी कोणालाही देऊ नये, हाच यावरील खात्रीचा मार्ग होय. ते शक्य नसेल तर टाकी, नळी, गाळणी व नोझल यांतून धुण्याच्या सोड्याचे द्रावण फिरवून ते रात्रभर तसेच ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने वारंवार धुवावे. एकदा विसळणे म्हणजे धुणे नव्हे.

निर्यातक्षम द्राक्षांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षांना युरोपच्या बाजारात मोठी अडचण आली आणि नाशिक भागातील बागायतदारांना व निर्यातदारांना त्याची झळ सोसावी लागली. तेव्हापासून कोणत्या बागेत कोणते औषध कधी वापरले याची नोंद काटेकोर झाली. परंतु दुसऱ्याच्या बागेतून आलेल्या ब्लोअरच्या टाकीत काय होते, हे आपल्या नोंदवहीत कोठेच उमटत नाही. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागेचा मालक ब्लोअर देण्यास किंवा घेण्यास कचरत असेल, तर त्याला कोणी कंजूष म्हणू नये.

डाळिंबाच्या पट्ट्यात तर छाटणीची कात्रीदेखील जपून द्यावी लागते. तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो आणि रोगट झाड छाटलेल्या कात्रीवरून तो निरोगी झाडावर जातो. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात कात्री बुडवून मगच पुढच्या झाडाला लावावी, अशी शिफारस आहे. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना जेथे इतकी दक्षता हवी, तेथे एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना किती हवी हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कात्री ही काही महाग वस्तू नव्हे, पण तिच्या उसनवारीची किंमत संपूर्ण बागेइतकी होऊ शकते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. मात्र गळका पंप, सैल झालेली झाकणे आणि संरक्षक साधनांचा अभाव यांचा धोका पंप स्वतःचा असो वा मागून आणलेला, सारखाच असतो. गळणारा पंप पाठीवर घेण्यासाठी कोणाला देणे हा उपकार नव्हे.

कायदा काय सांगतो

मागून नेलेल्या वस्तूबद्दल कायद्यात काही तरतूद आहे याची कल्पना गावात फारच थोड्यांना असते. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यातील कलम १४८ ते १७१ ही याच विषयाची आहेत. एका विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे व काम झाल्यावर ती परत घेणे, या व्यवहाराला कायद्याच्या परिभाषेत निक्षेप म्हणतात. तो फुकट असो वा भाड्याने, त्याला कायदा लागू होतो.

कलम १५० मालकाचे कर्तव्य सांगते. वस्तूत काही दोष असेल आणि तो मालकाला ठाऊक असेल, तर तो घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. न सांगितल्यास त्यापासून झालेल्या नुकसानीला मालक जबाबदार असतो. अधिनियमात दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. खोडकर घोडा त्याची खोड न सांगता दिला आणि स्वार पडून जखमी झाला, तर नुकसानभरपाई मालकाने द्यावयाची. तणनाशकाचा पंप न सांगता देणारा शेतकरी याच रांगेत उभा आहे. आणि वस्तू भाड्याने दिली असेल तर नियम अधिक कडक होतो. दोष मालकाला ठाऊक नसला तरीही तो जबाबदार राहतो. भाड्याचे शे-दोनशे रुपये घेताना ही जबाबदारीही आपण घेत आहोत, याचा विसर पडू नये.

घेणाऱ्याचे कर्तव्य कलम १५१ मध्ये आहे. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही वस्तू चोरीस गेली किंवा नष्ट झाली, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ प्रमाणे त्याच्यावर जबाबदारी येत नाही. हे कलम मालकांना सहसा धक्कादायक वाटते. 'माझी वस्तू त्याच्या घरून चोरीला गेली, म्हणजे त्याने भरून द्यावी' असा सर्वसाधारण समज आहे. कुलूपबंद खोलीतून यंत्र चोरीस गेले आणि निष्काळजीपणा झालेला नसला, तर नुकसान मालकाचेच. ते तसे होऊ नये असे वाटत असेल, तर आधी तसे ठरवून लिहून घेतले पाहिजे.

कलम १५४ मात्र मालकाच्या बाजूचे आहे. ठरलेल्या कामाखेरीज वस्तूचा अन्य वापर केला, तर कितीही काळजी घेतली असली तरी नुकसानीची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. येथेही घोडाच आहे. एकट्याने बसण्यासाठी दिलेल्या घोड्यावर घरातील दुसऱ्याला बसविले आणि घोडा अपघाताने पडून जखमी झाला, तर भरपाई घेणाऱ्याने द्यावी. गावात यंत्र 'फिरते' म्हणतात ते हेच. एकाला दिलेले यंत्र त्याच्या मेहुण्याकडे, तेथून मेहुण्याच्या शेजाऱ्याकडे जाते आणि तिसऱ्या आठवड्यात मालक ते शोधीत फिरतो.

फुकट दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, मुदत ठरलेली असली तरीही, असे कलम १५९ म्हणते. पण त्याला एक न्याय्य मर्यादा आहे. घेणाऱ्याने त्या मुदतीवर विसंबून काही केले असेल आणि मध्येच वस्तू काढून घेतल्याने त्याचा तोटा त्याला मिळालेल्या लाभाहून अधिक होणार असेल, तर जास्तीचा तोटा मालकाने भरून द्यावा. मजूर बोलावलेले आहेत, औषध कालविलेले आहे, अशा वेळी रुसून पंप उचलून आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. उलट, मुदत संपली किंवा काम झाले की मागणीची वाट न पाहता वस्तू परत करणे हे कलम १६० नुसार घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. 'तुम्ही मागितलं नाही म्हणून राहिलं' हे उत्तर कायद्याला मान्य नाही. याच प्रकरणातील कलम १६३ नुसार सांभाळण्यासाठी दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाचेच. यंत्रांच्या बाबतीत ती अडचण तरी उद्भवत नाही.

ट्रॅक्टर द्यावयाचा असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो. परवाना नसलेल्या माणसाला वाहन चालवू देणे हा कलम ५ नुसार मालकाचा दोष ठरतो, आणि कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा असल्याशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. स्वतःच्या शेतीसाठी विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्याने दिला तर अपघातानंतर विम्याचा दावा वादात सापडतो. शेजाऱ्याच्या अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ट्रॅक्टर देणे हा शेजारधर्म नव्हे, एवढे तरी पंचायतींनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

फुकट की मोबदला घेऊन?

यंत्र दिल्याने मालकाचे खरे नुकसान किती होते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. उदाहरणादाखल असे समजू की, एका यंत्राची किंमत २०,००० रुपये आहे, ते १,००० तास चालेल आणि शेवटी मोडीत २,००० रुपये येतील. म्हणजे १८,००० रुपयांची झीज १,००० तासांवर पडते, तासाला १८ रुपये. दुरुस्ती व सुटे भाग तासाला १० रुपये धरू. गुंतलेल्या भांडवलाची सरासरी ११,००० रुपये होते व त्यावर दहा टक्के दराने वर्षाला १,१०० रुपये व्याज येते. मालक स्वतः वर्षात १०० तास यंत्र वापरीत असेल तर व्याजाचा भार तासाला ११ रुपये, आणि एकूण खर्च तासाला ३९ रुपये होतो. इंधन आणि चालकाची मजुरी यात धरलेली नाही.

आता शेजाऱ्याने ते दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे १२ तास वापरले. व्याज तर यंत्र घरी पडून असतानाही चढतच होते, ते शेजाऱ्यामुळे वाढलेले नाही. वाढली ती झीज व दुरुस्ती, तासाला २८ रुपये, म्हणजे एकूण ३३६ रुपये. शेजाऱ्याने 'फुकट' नेलेल्या यंत्राची मालकाला पडलेली किंमत ही एवढी. ती शून्य नाही हे घेणाऱ्याने समजले पाहिजे, आणि ती हजारोंच्या घरात नाही हे देणाऱ्याने. तासाला २८ रुपयांपेक्षा कमी घेतले तर मालक पदरमोड करतो. ३९ पेक्षा फार अधिक घेतले तर तो शेजारधर्म न राहता धंदा होतो. धंदा करण्यास हरकत नाही, फक्त त्याला धंदा म्हणावे. मालकाने वर्षात आणखी १०० तास यंत्र इतरांना दिले तर व्याजाचा भार २०० तासांवर विभागला जाऊन तासाला साडेपाच रुपये होतो आणि त्याचा स्वतःचा खर्चही ३३ रुपये ५० पैशांवर येतो. योग्य मोबदल्याने दिलेले यंत्र मालकाला स्वस्त पडते, ही गोष्ट या हिशेबातून सातवीच्या विद्यार्थ्यालाही पटविता येईल. शिक्षकांनी आपल्या गावातील यंत्राचे खरे आकडे घेऊन हे गणित वर्गात करून घेण्यास हरकत नाही.

मोबदला पैशातच असला पाहिजे असे नाही. ज्याच्याजवळ रोख रक्कम नाही त्याच्याजवळ श्रम असतात. बारा तासांच्या यंत्राची फेड एका दिवसाच्या कामाने होऊ शकते आणि सावडीची जुनी रीत नव्या यंत्राला अशी लागू करता येते. मात्र तो दिवस कोणता हे आधी ठरावे. यंत्र देणारा मोठा बागायतदार आणि घेणारा अल्पभूधारक असेल, तर 'कधीतरी कामाला ये' या मोघम शब्दांतून वेठीची सवय रुजण्याचा धोका असतो.

एक मध्यम मार्ग अनेक ठिकाणी आढळतो. यंत्र द्यावयाचे, पण चालविणाऱ्यासह. मालक स्वतः, त्याचा मुलगा किंवा नेहमीचा गडी यंत्राबरोबर जातो, काम करून देतो आणि यंत्र परत घेऊन येतो. पेट्रोलचे मिश्रण चुकत नाही, यंत्र फिरत नाही आणि ताबा मालकाकडेच राहत असल्याने वर सांगितलेले बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. इर्जिकीत औताबरोबर मालक जात असे, त्याचीच ही आवृत्ती होय. अर्थात गडी जखमी झाला तर त्याची जबाबदारी त्याला कामावर पाठविणाऱ्याकडे जाते, हे विसरू नये.

सर्वांना एकाच वेळी हवे असते तेव्हा

उसनवारीची खरी कसोटी हंगामात लागते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की केवड्याच्या भीतीने त्याच दिवशी फवारणी करावी लागते. त्या दिवशी ब्लोअर मागणे म्हणजे शेजाऱ्याची बाग पणाला लावणे होय. कोकणात गवत कापण्याचे चार आठवडे तसेच असतात. म्हणून ज्या कामाला दोन-चार दिवस मागेपुढे झाल्याने बिघडत नाही त्याच कामाचे यंत्र वैयक्तिक उसनवारीत चालते. ज्या कामाची वेळ टळून चालत नाही त्यासाठी गावाची काही व्यवस्था हवी.

इतर देशांनी यावर निरनिराळे मार्ग काढले. फ्रान्समध्ये १९४५ पासून अवजारांच्या सामाईक वापरासाठी सहकारी संस्था उभ्या राहिल्या. यंत्र संस्थेच्या मालकीचे असते आणि प्रत्येक सभासद आपण ते किती क्षेत्रावर वापरणार हे आधीच बांधून घेतो. जर्मनीत १९५८ मध्ये एरिश गायर्सबेर्गर यांच्या पुढाकाराने बव्हेरियात यंत्रमंडळाची कल्पना आकारास आली. तेथे यंत्र ज्याचे त्याच्याच मालकीचे राहते. मंडळाचे कार्यालय कोणाकडे यंत्र मोकळे आहे हे सांगते, ठरलेल्या दराने हिशेब करते आणि मोबदला परस्पर चुकता करते. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला पैसे मागण्याचा संकोच त्यामुळे उरत नाही. अमेरिकेत बर्कले शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून पुस्तकांप्रमाणेच बागकामाची व घरदुरुस्तीची हत्यारे उसनी देण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे बँका व भाडेतत्त्वावरील सेवा केंद्रांना साहाय्य देण्यात येऊ लागले. शेतकरी गट, बचत गट व उत्पादक कंपन्या यांना त्याचा लाभ घेता येतो. मात्र या बँकांसाठी ट्रॅक्टर व मोठी अवजारे घेण्याकडे कल असतो. ग्रासकटर, एचटीपी पंप, खड्डे घेण्याचे यंत्र अशी बागायतीची लहान साधने यादीच्या तळाशी राहतात. कोकणासारख्या डोंगरउताराच्या प्रदेशात ट्रॅक्टर बांधाखाली उभा राहतो आणि गरज ग्रासकटरची असते.

अवजारे बँक चालणे न चालणे हे यंत्राच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते, ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसावर असते. किल्ली कोणाकडे, परत आलेले यंत्र कोण तपासणार, सील बदलण्याचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी ठरली नाहीत, तर सर्वांचे यंत्र हे कोणाचेच राहत नाही. सांभाळणाऱ्याला मोबदला दिला पाहिजे, फुकट सेवेची अपेक्षा पहिल्या हंगामापुरती टिकते. दुसरा प्रश्न पाळीचा. वैयक्तिक उसनवारी भावकी, जात आणि गावकीतील गट यांच्या रेषांवरून वाहते. विधवा शेतकरी स्त्री, नव्याने बाग लावलेला भूमिहीनाचा मुलगा, वाडीबाहेरचा दलित शेतकरी यांना यंत्र मागण्यासाठी जाण्याजोगे दारच नसते. नोंदवहीतील पाळी त्यांना ते दार उघडून देऊ शकते, परंतु वही उघड्यावर असली तरच. ती पदाधिकाऱ्याच्या घरी कपाटात राहिली तर पाळी पुन्हा भावकीत जाते.

या वहीसाठी छापील नमुन्याची आवश्यकता नाही. घेणाऱ्याचे नाव, नेल्याचा व परत आणावयाचा दिवस, कोणत्या कामासाठी, नेताना यंत्राची स्थिती, टाकीत शेवटी कोणते औषध होते, हरवल्यास किंवा मोडल्यास कोण भरणार, आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे एवढे पुरे. दोन शेजाऱ्यांमधील व्यवहारातही शाळेच्या वहीच्या कागदावर हेच लिहिता येते. पहिल्यांदा लिहिताना दोघांनाही अवघड वाटते. त्यामुळे ज्या माणसाबद्दल मनात कसलीही शंका नाही, त्याच्यापासूनच सुरुवात करावी. भावाला यंत्र देताना कागद लिहिलेला असला, तर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या परक्याला तो कागद अपमानाचा वाटत नाही.